बारा नंबरच्या मोरीवरचा धूर

साल २००८. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे साडेनऊ. रांजणवाडीच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या यार्डात ठमी उभी होती आणि तिच्या धुराड्यातून काहीच येत नव्हतं.

ठमी म्हणजे आमच्या कारखान्याच्या ऊस ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनांतलं शेवटचं उरलेलं. बुटकं आणि पोटाळं, म्हणून कामगारांनी दिलेलं नाव. १९८८ साली उसाला ट्रक आले आणि ठमी शेडमध्ये जाऊन बसली. त्यानंतर वीस वर्षांनी ती आज बाहेर पडली होती. द्राक्षबागायतदाराचा मुलगा निरंजन सोनवणे परदेशात शिकून आला, त्याने सात किलोमीटरवर माणिकबाग नावाची वायनरी काढली, आणि पहिल्या वाइन महोत्सवाला पाहुण्यांना याच गाडीने न्यायचं असं त्याच्या मनाने घेतलं. रूळ साफ झाले, बॉयलरची तपासणी झाली, उसाच्या वाघिणींना बाकं आणि कापडी छत आलं. चालवू शकेल असा धडधाकट माणूस मात्र एकच उरला होता.

"मिस्तरी, धूर कुठाय?" निरंजन खालून ओरडला.

इंजिनाच्या खिडकीतून हणमंत वाघचौरे डोकावले. वय बाहत्तर, मिशा पांढऱ्या, गळ्याला लाल रुमाल. "कशाचा धूर?"

"इंजिनाचा! तीस कॅमेरे आलेत मुंबई-पुण्याहून. इंजिन बंद आहे का विचारतायत मला."

"साहेब, आग नीट जळतीय. नीट जळणाऱ्या आगीला धूर नसतो."

"थोडासा काढा ना. काळाभोर. लहान मुलांच्या पुस्तकात असतो तसा."

"काळा धूर म्हंजी न जळलेला कोळसा. भट्टीवरच्या माणसाची लाज वर आभाळात जाती. ते मी न्हाई करायचो."

एवढं बोलून मिस्तरींनी डोकं आत घेतलं. निरंजनने माझ्याकडे बघून हात उडवले. "काकू, तुम्हीच सांगा त्यांना. तुमच्या घरातलेच आहेत."

घरातले म्हणजे तसे घरातलेच. माझा नवरा वामन केदारे एकोणीस वर्षं ठमीवर आगवाला होता. भट्टीत कोळसा टाकणं, आग राखणं हे त्यांचं काम, आणि हणमंत मिस्तरी त्यांचे ड्रायव्हर. हे वारले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

त्या सकाळी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कॅमेऱ्याचं झाकण काढायचं, परत लावायचं. पिशवीतले रोल मोजायचे, परत मोजायचे. ढग बघायचे. कारण निरंजनने जाहीर केलं होतं, आजच्या फोटोंतला एक तो निवडणार. त्या फोटोचे मोठे फलक लागणार, आणि ज्याचा फोटो त्याला वायनरीचं वर्षभराचं काम. गाडी बंद झाल्यावर आमच्या घरात पगार येईनासा झाला, तेव्हा श्रीरामपूरच्या मेहुण्यांकडे मी हे काम शिकले आणि कॉलनीच्या बाजारात 'हेमलता फोटो स्टुडिओ' उघडला. वीस वर्षं पासपोर्ट, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो काढले. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला होता. दुकानात दिवस दिवस माणूस फिरकत नव्हतं. मुलगा सतीश पुण्याहून रोज सांगायचा, आई, बंद कर आणि इकडे ये. शेवटी मीच त्याला म्हटलं होतं, हा फोटो निवडला गेला तर मी इथेच राहीन. नाही निवडला तर दुकानाला कुलूप लावून तुझ्याकडे येते. बोलून बसले होते.

मिस्तरींनी शिट्टी वाजवली. माणसं टाळ्या वाजवत वाघिणींत चढली. मी इंजिनाजवळ जाऊन खिडकीतल्या मिस्तरींचा एक फोटो घेतला. चेहरा प्रसन्न, हात हँडलवर, वर मोकळं धुराडं. रोलवरचा नऊ नंबरचा फोटो. घेतानाच वाटलं, हा कोण बघणार!

गाडी द्राक्षबागांतून चालली. दोन्ही बाजूंना मांडवांवर घड लटकत होते, पाहुण्यांच्या हातात पेले होते, कुणी गाणी म्हणत होतं. मी मात्र एका बाकावर दोन मिनिटं टेकत नव्हते. वाकून बघत होते, पुढच्या वाघिणीत जात होते, परत येत होते. फेब्रुवारीचं ऊन तापलं की वाफसुद्धा दिसत नाही, धुराड्याच्या तोंडातून निघते न निघते तोच विरून जाते. फोटोत सगळीकडे नुसता लोखंडी डबा येत होता.

"ताई, बसा हो. तुमच्यामुळे मला चक्कर यायला लागली." समोर बसलेले पालेकर म्हणाले. डोंबिवलीचे, बँकेतून निवृत्त झालेले, देशभर वाफेच्या इंजिनांमागे हिंडलेले. "फोटो इथे नाही मिळायचा. तो मोरीवर मिळणार. गाडी आपल्याला उतरवेल, मागे जाईल आणि मग खास आपल्यासाठी धावत येईल. सगळं नाटक असतं. पण चांगला फोटो यातच निघतो."

"किती वेळा येईल?"

"एकदाच. इंजिनात पाणी तेवढंच आहे म्हणे." ते पुढे झुकले. "आणि तुमचे ते म्हातारबुवा असेच अडून बसले तर एकदा काय आणि दहादा काय! मी घरी जाऊन बायकोला सांगणार, सात किलोमीटर बैलगाडीत बसलो होतो."

फोन वाजला. सतीश. "आई, झाला का फोटो?"

"अजून नाही."

"मी खोलीला रंग द्यायला सांगतोय. पिवळा चालेल ना?"

"गाडीचा आवाज आहे रे, नंतर बोल," म्हणून मी फोन ठेवला.

बारा नंबरच्या मोरीपाशी गाडी थांबली. मोरी म्हणजे ओढ्यावरचा छोटा दगडी पूल. रूळ तिथे वळसा घेतात आणि वळणाच्या आत जरा उंचवटा आहे. सगळे तिपाया घेऊन त्या उंचवट्याकडे पळाले. मी उलटी, इंजिनाकडे निघाले. मिस्तरी खिडकीत होते. त्यांच्यामागे आगीवर वायनरीच्या बॉयलरवरचे ससाणे फावडं घेऊन उभे होते.

"मिस्तरी, एक विनंती होती."

"वहिनी, तुम्ही पण?"

"माझं दुकान जातंय हो. हा फोटो निवडला नाही तर मला पुण्याला जावं लागणार."

"मग जावा की. पोरगा बोलावतोय. लिफ्ट असंल."

"लिफ्ट आहे. सातव्या मजल्यावर खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी दिसते. मागच्या खेपेला आठ दिवसांत मी कुकरशी बोलायला लागले होते."

ते मोठ्याने हसले. "कुकर काय म्हनला?"

"थट्टा नको. फक्त एकदा काढा धूर. कोण बघतंय इथे?"

"तीस कॅमेरे बघत्यात आन् वर कोण बघतंय म्हनता. न्हाई जमायचं, वहिनी. दुसरं काय बी सांगा. म्हनाल तेवढ्या शिट्ट्या वाजवतो."

उंचवट्यावरून पालेकर घड्याळ दाखवत होते. माझा धीर सुटला.

"हे असते तर माझ्यासाठी काढला असता! रोज काढायचे ते. याच मोरीवर!"

मिस्तरींनी माझ्याकडे बघितलं. "रोज?"

"हंगामात रोज. गाडी अकराला इथे यायची. हे भट्टीत कोळशाचा ओला चुरा टाकायचे आणि धुराचा एक काळा लोळ वर जायचा. मी परसात उभी राहून वाट बघत असायची. धूर दिसला की आत जाऊन भात टाकायचा. इथून यार्डात गाडी लावून, हातपाय धुऊन हे घरी येईपर्यंत भात झालेला असायचा. त्यांना वाफाळता भात लागायचा. लग्न झालं तेव्हापासून गाडी बंद झाली तोवर एक दिवस चुकला नाही." मी खांद्यावरचा कॅमेरा सावरला. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुम्ही तर शेजारीच उभे असायचात."

"व्हय," मिस्तरी म्हणाले. "मी शेजारीच उभा असायचो."

त्यांनी हँडलवरचा हात काढला. मग वळले. "ससाणे, बाजूला व्हा. द्या ते फावडं हिकडं." आणि मला म्हणाले, "जावा वहिनी, जागा धरा. डाव्या अंगाला उभ्या ऱ्हावा, वारा तिकडून हाय."

मी धावतच गेले. अठ्ठावन्न वर्षांची बाई साडी सावरत कशी धावत होती, त्याचाही फोटो कुणीतरी काढला असेल.

गाडी मागे गेली, बागांआड दिसेनाशी झाली. उंचवट्यावर सगळ्यांनी कॅमेरे डोळ्याला लावले. मग शिट्टी ऐकू आली आणि मांडवांच्या वर पहिल्यांदा एक काळा ठिपका उठला. ठिपक्याचा खांब झाला. ठमी वळणावर आली तेव्हा तो खांब वाकून साऱ्या बागेवर पसरला होता, त्यातून ऊन तिरकं खाली येत होतं आणि पुढे ते बुटकं इंजिन जिवाच्या आकांताने धडधडत होतं. पालेकर "वा! वा!" करत होते आणि बटण दाबायचं विसरले होते. मी विसरले नाही. बावीस ते एकोणतीस, आठ फोटो घेतले. सव्विसावा घेतानाच मला कळलं की हाच तो.

त्यात एकच गोष्ट खटकली. मिस्तरी खिडकीत होते, पण गाडी आमच्यासमोर आली तशी त्यांनी गळ्यातला लाल रुमाल डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. धुरामुळे असेल, मला वाटलं.

माणिकबागेत तंबू लागले होते, सनई-चौघडा होता, बायकापोरं लाकडी पिंपात उतरून द्राक्षं तुडवत होती. निरंजनने येऊन माझे दोन्ही हात धरले. "काकू, काय सांगितलंत हो त्यांना?" मी नुसती हसले. कितीतरी महिन्यांनी मी हसले होते.

लिंबाखाली सरूवहिनी बसल्या होत्या, मिस्तरींच्या पत्नी. नवऱ्याच्या भाकरीचा डबा मांडीवर आणि हातात कुणीतरी दिलेला द्राक्षरसाचा पेला.

"या हेमाबाई. हे गोड हाय का आंबट तेच कळंना मला. चार घोट झाले, इचारच करतीय." त्यांनी पेला खाली ठेवला. "बाई, मघाशी मोरीकडं धूर दिसला. त्या ससाण्यानं आग बिघडवली का काय?"

"नाही हो, मिस्तरींनी स्वतः काढला. माझ्या फोटोसाठी."

सरूवहिनींचा चेहरा बदलला. "ह्यांनी? सोताच्या हातानं?"

"हो. का?"

"अवो, त्या धुराचं तर नाव घेऊ देत न्हाईत घरात." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "कारखान्याचा पेस्तनजी सायेब आठवतो का? त्याच्या बंगल्याची खिडकी मोरीकडं होती. अकराला चहा पीत बसायचा आन् ह्यांच्याच गाडीतनं धूर दिसायचा. दर हंगामाला शेरा, काळा धूर काढतो, कोळसा वाया घालवतो. लोको मिस्तरीची, म्हंजी समद्या ड्रायव्हरांवरची जागा तीनदा निघाली आन् तिन्ही वेळेला शेरा आडवा आला. मागनं आलेला रंगनाथ बोरुडे मिस्तरी झाला. आमच्या ह्यांना समदे मिस्तरी म्हनत्यात, पर कागदावर शेवटापतुर ड्रायव्हरच. मी किती डाव इचारलं, बाकीच्यांच्या गाडीतनं निघत न्हाई, तुमच्याच का निघतो? म्हनायचे, कोळसा वाईट हाय."

पिंपातली पोरं ओरडत होती. उठून मी इंजिनाकडे चालू लागले, आणि वाटभर मला माझं ते परस दिसत होतं, दाराशी उभी असलेली मी, आणि माझ्या तोंडावरचं हसू.

मिस्तरी नळीने ठमीत पाणी भरत होते. रुमाल पुन्हा गळ्यात होता.

"पेस्तनजी साहेबांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. "आगवाल्याला त्याच दिवशी घरी पाठवायचे. ड्रायव्हरला नुसता शेरा."

"यांना तरी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर त्यानं बंद केला असता. नवीन लगीन झाल्यालं. म्हनलं, ऱ्हाऊ दे, वर्सभरात आपसूक बंद हुईल." त्यांनी नळी जरा वर धरली. "न्हाई झाला."

त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं.

"भाताचं मातर मला आज कळलं. मला वाटायचं, नुसता चाळा करतोय. भाताचं ठावं असतं तर येवढं वाईट वाटलं नसतं."

"मी हा फोटो देणार नाही, मिस्तरी."

"का? माझी लाज बाहेर काढून ठेवलीया, ती वाया घालवता का? द्या की. दुकान ऱ्हाईल तुमचं." नळी बंद करून ते माझ्याकडे वळले. "पर खाली नावं लिवा. ड्रायव्हर हणमंत वाघचौरे. आगवाला वामन केदारे."

"कोळसा तर तुम्ही टाकलात."

"टाकला मी. धूर त्याचाच हाय. इतकी वर्सं माझ्या नावावर फिरला. आता तुमचा तुम्ही घिऊन जावा."

ते रागावले होते का? आवाजात राग नव्हता. हसलेही नव्हते. मी म्हटलं, "सरूवहिनींना मी सांगते."

"सांगा. पर भाताचं बी सांगा. न्हाईतर ती तुमाला सोडायची न्हाई."

सरूवहिनींना तिथेच लिंबाखाली सांगितलं, भातासकट. त्या डबा उचलून नवऱ्याकडे गेल्या, आणि पुढचे दोन महिने रस्त्यात मला बघून पलीकडच्या बाजूने जायच्या.

रविवारी दुपारी मी दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुतला. पाण्यातून कागद वर आला तेव्हा आधी धूर दिसला, मग इंजिन, मग तो झाकलेला चेहरा. मी आतून बाहेर, बाहेरून आत अशा किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. फोटो द्यायचा तर नाव द्यायला हवं. नाव दिलं की ज्यांना ही कामं कळतात त्यांना सगळं कळणार. बाकीच्यांना वाटणार, बाईने नवऱ्याचा मान केला. यांचं नाव आजवर एकाही कागदावर वाईट ठिकाणी आलं नव्हतं. तीन चिठ्ठ्या लिहून फाडल्या. चौथ्या चिठ्ठीवर ड्रायव्हरचं नाव लिहिलं, खाली 'आगवाला : कै. वामन केदारे' लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी निरंजनच्या टेबलावर ठेवली.

"काकू, पण वामनकाका तर..."

"धूर त्यांचाच आहे. नाव बदललं तर फोटो परत घेऊन जाईन."

त्याने खांदे उडवले. फोटो त्याला हवाच होता.

महिन्याभरात एसटी स्टँडसमोर बारा फुटी फलक लागला. तिथल्या बाकावर कारखान्याचे जुने कामगार वर्तमानपत्र वाचत बसत. टाइमकीपर निकाळजे उठून फलकाजवळ गेले, चष्मा पुसून खालची नावं वाचली, धुराकडे बघितलं, परत नावं वाचली. "आयला! वामनचा होता होय!" एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. तिसऱ्या दिवशी लोको शेडमधले चार म्हातारे मिस्तरींच्या घरी चहाला गेले. त्यांच्यात रंगनाथ बोरुडे होता. मिस्तरी आतून बाहेर आले तसा तो उठला आणि म्हणाला, "मिस्तरी, हितं बसा," आणि आपण जमिनीवर बसला. हे मला सरूवहिनींनीच सांगितलं. दोन महिन्यांनी त्या दुकानात आल्या आणि पहिलं वाक्य हेच बोलल्या.

आता या सगळ्याला पुष्कळ वर्षं झाली. माणिकबागेची गाडी तीन महोत्सव धावली, मग रूळ शेतात गेले. ठमी वायनरीच्या फाटकाशी रंग लावून उभी आहे, धुराड्यात बोगनवेल लावलीय. निरंजनला टक्कल पडलं. अजून मला काकू म्हणतो. पालेकर दर दिवाळीला पत्र पाठवायचे, त्यात मोरीवर आपण बटण दाबायचं विसरलो हे दरवर्षी लिहायचे. अलीकडे पत्र येत नाही. बोरुडे त्याच साली गेला. सतीशने खोली पिवळी रंगवली होती, तीत आता माझी नात राहते. वायनरीच्या कामावर माझं दुकान आणखी अकरा वर्षं चाललं, मग गुडघ्यांनी साथ सोडली. कुलूप मी माझ्या हाताने लावलं, पण रांजणवाडी सोडली नाही. कुकरशी मात्र इथेही बोलते.

यांचा फोटो माझ्या देवघराशेजारी आहे. यांच्यावर मी रागावले होते, वर्षभर तरी. भात टाकताना राग यायचा. मग तोही गेला.

मिस्तरी २०१५ साली गेले, झोपेत. दहाव्याच्या आदल्या दिवशी सरूवहिनी आल्या, म्हणाल्या, चौकात लावायला मोठा फोटो करून दे, आणि तो रुमालवाला नको. मी जुने डबे उपसले आणि तो यार्डातला नऊ नंबरचा शोधून काढला. खाली त्यांनी लिहायला सांगितलं तसं लिहिलं, 'हणमंत वाघचौरे, लोको मिस्तरी'. चौकातून काढल्यावर तो त्यांच्या ओसरीवर लागला, अजून आहे. हात हँडलवर आहे, चेहरा प्रसन्न आहे, आणि धुराड्याच्या वर काहीच नाही. नुसतं आभाळ.